रविवारी बाहेरच्या भिंती धुणार आहोत, आधी हे वाचा

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ८ पासून आपल्या सगळ्या घरांच्या बाहेरच्या भिंती, कुंपण आणि अंगण धुवायचं काम आहे, तर शनिवारी रात्रीच खिडक्या घट्ट लावा, गाड्या लांब लावा आणि बाहेरचे प्लग पॉइंट, दिवे प्लास्टिकने नीट झाका.

प्रेशर वॉशर (गनमधून पाण्याची जोरदार धार मारणारं मशीन) फक्त काँक्रीट आणि फरशीवर. रंगवलेल्या भिंती, लाकूड, छपराची कौलं यावर सॉफ्ट वॉश, म्हणजे कमी प्रेशर आणि ब्लीचचं पातळ द्रावण, शेवाळ त्यानेच मुळापासून मरतं, जोर लावला तर नुसता रंग उडतो आणि पाणी भिंतीत शिरतं.

- गनच्या तोंडाला लाल नोझल (० अंश, म्हणजे धार न पसरता सरळ एका जागी बसते) कोणी लावायचं नाही, हिरवं (२५) किंवा पांढरं (४०) पुरे.
- शिडीवर चढून गन चालवायची नाही, झटका बसतो आणि माणूस मागे जातो.
- ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा अमोनियावालं क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो. "थोडंसंच घातलं" हे पण चालणार नाही!
- गॉगल, हातमोजे, बंद बूट. चपला घालून आलेल्यांना परत पाठवणार.
- झाडांना आधी आणि नंतर साधं पाणी मारा.
- पेट्रोलचं मशीन गॅरेजमध्ये चालवू नका, धुराने जीव जातो.

मशीनच्या पाण्याची धार कातडीत घुसली तर जखम टिचभर दिसते पण आत खोल गेलेली असते, घरी मलम लावत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

पोरं आणि कुत्री-मांजरी घरातच ठेवा. कोण कोण येतंय ते शुक्रवारपर्यंत इथेच कळवा.