इंदूरलाच राहा, पण एवढं ऐका

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा फोन आईच्या हातात देतात आणि आई विचारते, "तू जेवलीस का?" म्हणून लिहायला बसले. आई, चष्मा लाव आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

दिवाळीनंतर तुम्ही दोघांनी कायमचं पुण्याला यायचं असं आपलं ठरलं होतं. तो बेत मी थांबवला आहे. आम्ही दोघं यावर बरेच दिवस बोलत होतो आणि आता ठरवूनच टाकलं. तुम्ही इंदूरलाच राहायचं, आपल्या घरात.

हे वाचून आईच्या मनात पहिली गोष्ट काय येईल ते मला माहीत आहे. तसं काहीही नाही. तुमची खोली तशीच आहे, बाबांच्या पलंगाशेजारचा दिवासुद्धा काढलेला नाही. घर लहान पडतंय, खर्च वाढतोय, आमची दगदग होतेय, यातलं एकही कारण नाही. नागपूरची काकू बोलेल, मावशी तर बोलेलच. बोलू देत. त्यांनी विचारलं तर माझं नाव सांगा, मी उत्तर देईन.

कारण गेल्या पावसाळ्यातलं आहे. तुम्ही इथे होतात तेव्हा आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडायचो आणि रात्री आठला घरात शिरायचो. तुम्ही नवव्या मजल्यावर. खाली उतरलं की गाड्याच गाड्या, रस्ता ओलांडायची धास्ती. बाबांचं फिरणं आठवड्याभरात बंद झालं. आईचं शुक्रवारचं भजन सुटलं. दुपारी चारला चहा प्यायला कुणी नाही, म्हणून तीही नुसती पडून राहायला लागली. बाबांची साखर इतकी चढली की इथल्या डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. इंदूरला परत गेल्यावर लालबागेतल्या चकरा सुरू झाल्या, जेवण पुन्हा वेळेवर व्हायला लागलं आणि पुढच्या तपासणीला तीच गोळी तिथल्या डॉक्टरांनी बंद केली. मी त्यावर खूप विचार केला. तुमची तब्येत लोकमान्यनगरच्या त्या घरात, त्या रस्त्यांवर, त्या माणसांमध्ये सांभाळली जाते. ते सगळं काढून घेऊन मी तुम्हाला माझ्या डोळ्यांसमोर ठेवलं, तर त्याने माझी काळजी कमी होईल, तुमचं भलं होणार नाही.

हे कायमचं नाही, हेही लिहून ठेवते. दोघांपैकी एकालाही आपलं आपण होईनासं झालं की मी त्याच रात्री निघेन. तेव्हा कुणी वाद घालायचा नाही.

पण तुम्ही तिथे राहणार, तर काही गोष्टी माझ्या मनासारख्या झाल्या पाहिजेत. पहिली गोष्ट मी तुम्हाला न विचारता करून टाकली आहे. सोमवारी मिस्त्री येईल. बाबा, पैसे दिलेले आहेत, त्यामुळे परत पाठवून उपयोग नाही. खालच्या बाथरूममध्ये कमोड बसणार आहे, खडबडीत फरशी लागणार आहे आणि भिंतीला दोन स्टीलच्या दांड्या. फेब्रुवारीत बाबा घसरले तेव्हा त्यांनी टॉवेलची दांडी धरली आणि ती प्लास्टरसकट हातात आली. ते भोक अजून तसंच आहे, आई त्यावर कॅलेंडर लावून बसली आहे. टॉवेलची दांडी टॉवेलसाठी असते, माणसाचं वजन ती घेत नाही. नवीन दांड्या ड्रिल करून भिंतीत पक्क्या बसवायच्या, रबराने चिकटणाऱ्या नकोत. मिस्त्रीने अंदाजाने लावू नयेत. बाबांनी कमोडवर बसून हात सहज कुठे जातो ते दाखवायचं, तिथे खूण करायची आणि मग भोक पाडायचं. आणि दोघांनी झोपायची खोली खाली आणायची. गच्चीवरच्या खोलीतली हवा छान आहे, मला माहीत आहे, माझं सगळं लहानपण तिथे गेलं. पण रात्री दोनदा उठून जिना उतरायचं वय आता नाही. उठताना आधी पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसायचं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला एकदम उभं राहिलं की चक्कर येते, फेब्रुवारीतही बहुतेक तेच झालं असणार. दिवा लावून ठेवायचा, विजेचं बिल मी भरते.

आता औषधं. आई, तू कात्रीने पट्ट्या कापून एकेक गोळी पेढ्यांच्या डब्यात टाकतेस. गेल्या वेळी मी तो डबा उघडला तर आत सगळे कापलेले तुकडे. औषधाचं नाव पट्टीच्या एका टोकाला, मुदत संपल्याची तारीख दुसऱ्या टोकाला, आणि बऱ्याचशा तुकड्यांवर यातलं काहीच नाही. त्यात बाबांची रक्तदाबाची गोळी आणि तुझी थायरॉइडची गोळी, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही एवढ्याशा. मला घाम फुटला. वारांची नावं असलेले दोन डबे पाठवते आहे, निळा बाबांचा आणि पिवळा तुझा. दर रविवारी आठवड्याच्या गोळ्या भरायच्या आणि पट्ट्या अखंड ठेवायच्या.

आणि तुझी थायरॉइडची गोळी सहाच्या चहाबरोबर घ्यायची नाही. उठल्या उठल्या उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घे, चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियमची गोळी तर तिच्यापासून चार तास लांब हवी, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगाला लागतच नाही. ती दुपारच्या जेवणावर ने. एवढी औषधं घेऊनही थकवा का जात नाही म्हणून तू वर्षभर कुरकुरते आहेस, त्याचं निम्मं उत्तर कदाचित इथेच असेल. बाबांनी तुझी गुडघ्याची गोळी घेणं मात्र आजपासून बंद. दुखणं थांबवणाऱ्या त्या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो, आणि साखर असलेल्या माणसाला मूत्रपिंड जपायचं असतं.

बाबा, मला टायफॉइड झाला होता तेव्हा तुम्ही कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेवर दर चार तासांनी माझा ताप लिहायचात. बँकेतल्या त्या बारीक अक्षरात, वेळेसकट. रात्री मला जाग यायची तेव्हा तुम्ही उशाशी थर्मामीटर झटकत बसलेले असायचात. कपाळावर तुमचा उलटा हात ठेवलेला मला अजून जाणवतो. तो ताप उतरेपर्यंत तुम्ही एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. तसाच तुमचा स्वतःचा रक्तदाब लिहा. आणि मोजायचा नीट. फिरून आल्या आल्या, बोलता बोलता, बाहीवरून पट्टा गुंडाळून नाही. आधी लघवीला जाऊन यायचं, चहा पिऊन अर्धा तास झालेला असावा. पाठ टेकून खुर्चीवर पाच मिनिटं गप्प बसायचं, पावलं जमिनीवर, पायावर पाय नको. उघडा दंड टेबलावर, छातीच्या उंचीला. एक मिनिट सोडून दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. जास्त आला म्हणून तो आकडा सोडायचा नाही. महिन्याच्या शेवटी वहीच्या पानाचा फोटो मला पाठवा.

खाण्याचं लिहिताना हात अडतो, कारण आपल्या घरी शेव म्हणजे काय आहे ते मी जाणते. पोह्यांवर शेव, खिचडीवर शेव, टोमॅटोच्या भाजीत शेव, आणि काहीच नसेल तर नुसती शेव. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे सपाट भरलेल्या चहाच्या एका चमच्याहून थोडं कमीच, दिवसभरात, पोळीच्या कणकेतलं, लोणच्यातलं, पापडातलं, पोह्यांवरच्या जिरावण मसाल्यातलं सगळं धरून. बाबा, तुमच्या बशीतला तो शेवेचा डोंगर बघितला की मला पुढचं काही बोलवत नाही. रविवारचा पोह्यांचा बेत मी मोडत नाही. त्या दिवशी शेव आईने वरून भुरभुरायची आणि डबा परत फडताळात. जलेबी सणाला, एक. पोह्यांत मटार आणि दाणे जास्त घाल, आई, म्हणजे पोट भरतं आणि साखरही एकदम चढत नाही. जेवल्यावर लगेच आडवं न होता अंगणात दहा मिनिटं फिरा.

बाबांच्या पायांचं मनावर घ्या. साखरेने तळव्यांची जाणीव कमी होते, खडा टोचलेला कळत नाही, चटका बसलेला कळत नाही. रोज रात्री आईने दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघायच्या. लाल डाग, भेग, फोड, काहीही दिसलं तर घरी कापाकापी न करता दवाखान्यात जायचं. खजराण्याच्या गणपतीला मे महिन्यात भर दुपारी अनवाणी फरशीवरून चालायचं नाही, सकाळी लवकर जा आणि मोजे घाला. आणि त्या मुंग्या येतात ना, त्यासाठी पुढच्या रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्व लिहून घ्या. तुम्ही साखरेवरची मेटफॉर्मिन किती वर्षांपासून घेता आहात! त्या गोळीने बी-१२ कमी होतं आणि आपण तर पूर्ण शाकाहारी.

फिरायला जाताना खिशात साखरेची पुडी ठेवा. हात कापायला लागले, दरदरून घाम आला, जीव घाबरा झाला तर घरी पोचायची वाट न बघता तिथेच बसून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची. पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर मोजायची, ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच साखरेचं पाणी घ्यायचं. बागेतल्या तुमच्या मंडळींना हे सांगून ठेवा. लाज कसली त्यात.

आई, तुझं चालणं गुडघ्यांनी अडतं, ठीक आहे. पण पोहे भिजेपर्यंत ओट्याला धरून एका पायावर उभी राहा, मग दुसऱ्या. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा ऊठ-बस कर. तोल आणि मांड्यांची ताकद टिकली की पडणं टळतं. पडणं टळावं एवढंच मला हवं आहे. पाणी पी, सारखं सारखं उठावं लागतं म्हणून दिवसभर कोरडी राहू नकोस. संध्याकाळनंतर कमी कर हवं तर.

दोन कामं बाहेरची. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. वय आधार कार्डावरून धरतात. बाबांचं कार्ड याच महिन्यात काढा, आईचं सत्तर पूर्ण झाली की. आणि दोघांची फ्लूची लस दरवर्षी, न्युमोनियाची डॉक्टरांना विचारून.

एक मात्र दोघांनी पाठ करायचं. तोंड एका बाजूला वाकडं दिसलं, एक हात वर उचलता येईना, बोलणं अडखळायला लागलं, तर "जरा पडून बघते, बरं वाटेल" असं करायचं नाही. मला फोन नंतर, आधी १०८ ला. ही पक्षाघाताची लक्षणं. अशा वेळी रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून सुरुवात किती वाजता झाली ते लक्षात ठेवायचं. शेजारच्या काकूंकडे घराची एक किल्ली देऊन ठेवा. त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे, त्या रोज सकाळी एक हाक मारतील. त्यांना आत बोलवा, बाबा, कपाळाला आठी न घालता.

खूप रागावून लिहिलं का मी? आई, तू माझ्या वेण्या घालताना डोकं हलवलं की फणीने टपली मारायचीस आणि मग तिथेच हात फिरवायचीस. मला तुमच्याशी तसंच बोलता येतं.

गणपतीत मी येते. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघायला या वेळी राजवाड्यापर्यंत गर्दीतून चालत जायचं नाही, रस्त्यावरच्या कुणाच्या तरी ओळखीच्या गॅलरीत दोन खुर्च्या मी आधीच सांगून ठेवते. बाबांना झांकीचा शेवटचा ट्रक जाईपर्यंत जागायचं असेल तर दुपारी झोप घ्या आणि रात्रीचं जेवण वेळेवर करा, गोळी चुकवायची नाही.

तुमची,
मनू

ता. क. — डब्यांचं पार्सल बुधवारपर्यंत येईल. पेढ्यांच्या डब्यातल्या नाव-तारीख नसलेल्या गोळ्या कुणालाही देऊ नका, वापरूही नका. एका पिशवीत घालून बाजूला ठेवा, मी आल्यावर त्या निवडून टाकू.