भिऱ्याच्या काकांना, देवकुंडच्या ओढ्यावर आम्हाला अडवून धरल्याबद्दल

काका, नमस्कार.

हे पत्र तुमची सून तुम्हाला वाचून दाखवेल अशा भरवशावर लिहितेय, कारण घरात मोबाईल तीच बघते असं तुम्हीच सांगितलं होतं. तुमचं नाव मला माहितीये पण इथे लिहीत नाही, तुम्ही त्या दिवशी फोटोलाही नको म्हणालात, "माझा कशाला, पोरांचा काढा". पण निघताना घाईघाईत नुसतं थँक्यू काका म्हणून गाडीत बसणं मला पुरलेलं नाही, आणि जे मनात आहे ते चार लोकांसमोर म्हणावंसं वाटतंय म्हणून असं उघड पत्र.

आधी राग सांगून टाकते म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. आम्ही पुण्याहून एका ट्रेकिंगवाल्यांबरोबर देवकुंडचा धबधबा बघायला आलो होतो. जाहिरातीत फॅमिली ट्रेक, सोपी वाट, चार वर्षांपासून पुढे सगळ्यांसाठी असं लिहिलेलं. माझी मोठी सात वर्षांची, धाकटा साडेचारचा. मी बुकिंगच्या आधी फोन करून सगळं विचारलं होतं, ओढे किती लागतात, मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत का, आमच्या मागे शेवटपर्यंत कोण असणार, आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, हो मॅडम, काही टेन्शन घेऊ नका. प्रत्यक्षात जॅकेटं सगळी मोठ्यांची, धाकट्याच्या गुडघ्यापर्यंत लोंबणारी. लीडर कॉलेजच्या पोरांबरोबर पुढे निघून गेला आणि आमच्या मागे जो मुलगा ठेवला होता तो स्वतःच देवकुंडला पहिल्यांदा येत होता, बिचारा आम्हालाच विचारत होता वाट कुठली. जाऊन येऊन दहा-बारा किलोमीटरची वाट आहे ही. भिऱ्याच्या धरणाच्या पाण्याकडेनं जाणारा पहिला टप्पा सपाट, तिथे मुलं नाचत जातात, पण पुढे जंगल, मुळं, ओढे, आणि शेवटी कुंडाच्या अलीकडे ते मोठमोठे धोंडे, तिथे साडेचार वर्षांच्या मुलाला प्रत्येक धोंडा हा एक डोंगरच असतो. ज्याने ही वाट एकदा जरी लहान मुलाबरोबर चालली असेल तो तिला सोपी म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते कारण आल्यापासून बरेच जण ऐकवतायत की एवढ्या लहान मुलांना न्यायचंच कशाला. मुलांना डोंगरात न्यावं, ओढ्यात पाय बुडवायला न्यावं, हे माझं मत आजही तेच आहे. कुंडापाशी पोचल्यावर ते पाणी वरून एका धारेत पडताना बघून माझा धाकटा चक्क गप्प झाला होता, घरी तो झोपेत सुद्धा गप्प नसतो. फक्त बरोबर वाट माहीत असलेला गावातला माणूस हवा, दिवसभराचा वेळ हातात हवा आणि कुठल्याही क्षणी थांबायची, मागे फिरायची मोकळीक हवी. यातलं शेवटचं आम्हाला तुमच्यामुळे मिळालं.

ऑक्टोबर होता, दुपारपर्यंत कडक ऊन. परतीचा पाऊस कसा येतो ते तुम्हाला मी काय सांगणार. आमच्या अंगावर जेमतेम चार थेंब पडले असतील, पण मागे ताम्हिणीच्या बाजूला सगळं काळं झालेलं. देवकुंडचं पाणी वरून, प्लस व्हॅली नावाच्या दरीकडून येतं, त्यामुळे घाटमाथ्यावर तासभर कोसळला की खाली कोरड्या कपड्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालचं पाणी वाढतं. हे मला आता कळतंय, तुम्हाला ते नुसत्या आवाजावरून कळलं होतं. सकाळी ज्या ओढ्यात मुलं बसून दगड गोळा करत होती, तिथे परत येताना चहाच्या रंगाचं पाणी, त्यात पानं, काटक्या, आणि असा आवाज की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागत होतं.

आणि तिथे आमचा लीडर सगळ्यांना म्हणत होता, हात धरून साखळी करू, पाच मिनिटांचं काम आहे, बस सहाला निघणार. कॉलेजची दोनतीन पोरं धडपडत गेली सुद्धा पलीकडे, त्यातला एक मध्येच गुडघ्यावर बसला होता ते मी डोळ्यांनी बघितलं. माझी मुलगी काठावर घट्ट उभी राहिली आणि म्हणाली मी नाही जाणार. मग सुरू झालं सगळ्यांचं. अगं शूर ना तू, ते दादा बघ कसे गेले, डोळे मिट आणि चल. कोणीतरी मागून च्च केलं. तिचा बाबा धाकट्याला पाठीवर घेऊन उभा, मी तिचा हात धरून, आणि लीडर मला म्हणाला, मॅडम उचला तिला आणि चला, लहान मुलांचं ऐकत बसलो तर रात्र होईल.

तेवढ्यात तुम्ही वरून आलात, डोक्यावर गोणी, हातात काठी. तुमचा आमच्या ग्रुपशी काही संबंध नव्हता. लिंबू सरबताचं आणि काकडीचं सामान आवरून घरी निघाला होतात. तुम्ही गोणी खाली ठेवलीत, पाण्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "कोनी उतरायचं नाय." मोठ्याने सुद्धा नाही म्हणालात. लीडर काहीतरी बोलायला लागला तर तुम्ही त्याच्याकडे वळलात सुद्धा नाही, सरळ माझ्या मुलीशेजारी जाऊन उकिडवे बसलात.

काका, यापुढे जे तुम्ही केलंत त्यासाठीच हे पत्र आहे.

घाबरू नको असं तुम्ही तिला एकदाही म्हणाला नाहीत. तुम्ही तिला काठीने पलीकडचा एक दगड दाखवलात, पाण्याखाली गेलेला, नीट बघितलं तर त्याच्यावरून पाणी फुगून जाताना दिसत होतं. म्हणालात, "बाय, सकाली यो दगड उघडा व्हता. आता बुडलाय. त्याचं डोकं वर आलं की मला सांग. तू सांगशील तेव्हाच जायचं, त्याच्या आधी कोन नाय जानार." आणि तुमची काठी तिच्या हातात दिलीत.

ती काठी तिच्यापेक्षा उंच होती. तिचं रडणं कधी थांबलं मला कळलंच नाही, मी बघितलं तेव्हा ती दोन्ही हातांनी काठी धरून त्या दगडाकडे टक लावून बसली होती आणि तुम्ही तिच्या शेजारी बसून बिडी न पेटवता नुसती बोटात धरली होती. मोठमोठी माणसं तुम्हाला येऊन विचारत होती, काका झालं का, आता जायचं का, आणि तुम्ही दर वेळी एकच, "मला नका विचारू, बायला विचारा." आणि ती मान हलवून सांगायची, अजून नाही. तीसेक माणसं, त्यातली अर्धी चिडलेली, बस सुटेल म्हणून कुरकुरणारी, आणि त्यांना एका सात वर्षांच्या मुलीला विचारावं लागत होतं. तुम्ही ते खेळ म्हणून केलं नाहीत हे मला तेव्हाच कळलं, कारण एकदा तो दगड जरासा दिसला आणि ती ओरडली दिसला दिसला, माणसं उठून उभी राहिली, आणि लगेच तीच म्हणाली, नाही, परत गेला. मला वाटलं आता तुम्ही म्हणाल असू दे, चला. तुम्ही म्हणालात, "बरोबर बघितलंस. वर अजून वाजतंय." आणि परत बसलात. माणसंही बसली.

मी आई आहे तिची, मला सुद्धा त्या क्षणी तिची समजूतच घालायची होती. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना तिची भीती ही एक अडचण वाटत होती, तुम्हाला एकट्याला वाटलं की या पोरीला पाण्याचं बरोबर कळलंय. वाहत्या पाण्यात गुडघ्याएवढं पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलतं, तिच्या तर ते कमरेला लागलं असतं. मी नाही जाणार हे तिथलं सगळ्यात शहाणं वाक्य होतं आणि ते खरं मानणारे तुम्ही पहिले.

अंधार पडायच्या थोडं आधी ती उठली आणि म्हणाली, काका, आता पूर्ण दिसतोय, बाजूचा पण दिसतोय. पुढचं काय लिहू, तुम्ही आधी एकटे जाऊन आलात, मग आम्हाला त्या जागेच्या जरा वरून, जिथे पाणी पसरट होतं तिथून एकेकाला नेलंत, धाकटा तुमच्या खांद्यावर. सगळे कोरड्या जमिनीवर आले, तुमचे कपडे तेवढे छातीपर्यंत भिजलेले.

पुण्यात आल्यावर तिने आजीला सांगितलं, मी सगळ्यांना थांबवलं होतं. घाबरले होते असं ती सांगत नाही, सगळ्यांना थांबवलं होतं असं सांगते. काका, हे तुम्ही तिला दिलंत. ती मोठी होईल तेव्हा तिला अशी खूप माणसं भेटतील जी म्हणतील डोळे मिट आणि चल, आणि मला आता तिची काळजी जरा कमी वाटते.

आल्यानंतर मी त्या ट्रेकवाल्यांना फोन केला, शांतपणे केला. उत्तर मिळालं की निसर्गापुढे कोणाचं काही चालत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पेजवर फोटो, यशस्वी फॅमिली ट्रेक, त्यात माझ्या मुलांचे सुद्धा. ते मी काढायला लावले. निसर्गाचं नाव घेऊन हात झटकायचे हे मला मुळीच पटलेलं नाही. पाऊस निसर्गाचा होता, बस सहाला निघणार हे माणसांनी ठरवलं होतं, आणि त्या सहाच्या बससाठी मुलांना त्या पाण्यात घालायला निघाले होते. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, त्यात चार लहान मुलं, ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलेत, मी पूर्ण बघू शकले नव्हते. ती माणसं पाण्यात गेली तेव्हा पाणी साधंच होतं, बघता बघता वाढलं. त्यांना अडवायला तिथे तुमच्यासारखं कोणी नव्हतं, एवढंच माझ्या मनात येतं आणि मग झोप लागत नाही.

तुमच्यासारखी माणसं आहेत मात्र, आणि खूप आहेत. लोणावळ्यात शिवदुर्ग या बचाव पथकाची पोरं आहेत, आपापले कामधंदे सोडून दोर घेऊन दरीत उतरतात. ताम्हिणीपासून माळशेजपर्यंत घाटातल्या प्रत्येक गावात अशी माणसं आहेत जी पावसाळ्यात शहरातल्या लोकांना पाण्यातून ओढून काढतात आणि त्यांची नावं बातमीत "स्थानिक ग्रामस्थ" एवढीच येतात. त्यांना कोणी नेमलेलं नाही, पगार नाही, आणि वर आमच्यातलेच काही त्यांच्याशी वीस रुपयांच्या सरबतावरून घासाघीस करतात. तुम्ही तर माझ्याकडून फक्त मुलांनी खाल्लेल्या काकडीचे पैसे घेतलेत. मी दिलेली नोट परत केलीत, दुसरी सुटी काढायला लावलीत, आणि अंधारात मोबाईलच्या उजेडात उरलेले पैसे मोजून माझ्या हातावर ठेवलेत. मला तेव्हा फार अवघडल्यासारखं झालं होतं, आता वाटतं की तुम्हाला जे तुमचं होतं तेवढंच हवं होतं आणि मी त्याहून जास्त कोंबायला नको.

म्हणून पैसे पाठवत नाहीये. सुनेला सांगा, एक खोका येईल. त्यात लहान मापाची लाइफ जॅकेटं आहेत, काही चार ते सहा वर्षांची, काही सात ते दहाची, दुकानात दोन्ही मुलांना घालून बघून घेतलीत, खांद्याचे आणि पायांमधून जायचे पट्टे नीट बसतात. तुमच्या सरबताच्या टपरीवर टांगून ठेवा, ज्या पोराला लागतील त्याला द्या, कुठल्याही ग्रुपचं असू दे. भाडं घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, माझं म्हणाल तर घ्या, कारण धुवायचं वाळवायचं काम तुम्हालाच पडणार आहे. आणि पट्टा तुटला की फोन करायला सांगा तिला, मी दुसरं पाठवते, त्यात संकोच करू नका.

तुमची,
त्या दोन पोरांची आई, पुणे