आई, आता इथं पाणी आहे

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

संडासातल्या पाण्याचं हे फोनवर बोलता येत नाही. स्पीकर चालू असतो, ओट्यावर कोणी ना कोणी बसलेलं असतं, आणि आई, तू लगेच विषय बदलतेस. म्हणून पत्र. बाबा, तुम्ही आधी एकट्यानं वाचा, मग आईच्या हातात द्या. मोठ्यानं वाचू नका.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही हिवाळ्यात इथं कॅनडात, कॅल्गरीला आलात, तेव्हा आईनं संध्याकाळचं जेवण आणि पाणी जवळजवळ सोडलं होतं. मला वाटायचं, हवापाणी मानवत नाही. खरं कारण मागच्या महिन्यात काकूंनी सांगितलं. कागदानं पुसणं तुला जमणारच नव्हतं. बेसिनवरून प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून न्यायचीस, ते इतकं गार की अंगावर काटा यायचा. बाथरूमच्या फरशीला पाणी जायची जाळी नाही, म्हणून दोन थेंब सांडले तरी गुडघे टेकून फरशी पुसत बसायचीस. दीड महिना तू असा काढलास, आणि मी रोज तुझ्यापुढे ताट ठेवून "खा ना गं थोडं" म्हणत होते. हे कळल्यापासून माझ्या घशाखाली घास नीट उतरत नाही. यंदा पुन्हा या म्हटलं तर तू बाबांच्या गुडघ्याचं निमित्त सांगतेस. मला आता खरं निमित्त ठाऊक आहे.

तर ऐक. कमोडच्या उजव्या बाजूला जेट, म्हणजे धुवायचा हातातला फवारा, बसवला आहे आणि त्याला कोमट पाणी येतं. बाबांची खात्री पटल्याशिवाय तू विश्वास ठेवणार नाहीस, म्हणून कसा बसवला ते त्यांच्यासाठी सगळं लिहिते.

बाबा, आपल्या विहिरीचं पाणी पौषातल्या पहाटे कसं वाफाळतं. हिव वाढलं की तुम्ही केळीला रात्रीचं पाणी सोडता आणि बांधावर पालापाचोळा धुमसत ठेवता, चरका बसू नये म्हणून. लहानपणी मी दांडात पाय घालून उभी राहायचे, ती ऊब अजून आठवते. इथं नेमकं उलट आहे. कॅल्गरीच्या नळाला बो आणि एल्बो नद्यांचं पाणी येतं, आणि ते रॉकी पर्वतांवरून उतरतं. जानेवारीत बाहेर उणे २५ झालं की नळाचं पाणी जेमतेम ४-५ अंशांचं असतं. जेट नुसत्या या पाण्यावर असला, तर त्याच्या नळीत आधीचं थोडं पाणी खोलीच्या उबेनं बरं झालेलं असतं, म्हणून पहिली एक-दोन सेकंदं ठीक वाटतात. मग मागून खरं पाणी येतं आणि माणूस दचकून उठतो. मी तरुण असून मला ते सोसत नाही, तर तुमच्या वयात कसं सोसावं?

पहिल्यांदा मी जळगावहून आणलेला जेट जुन्या भाड्याच्या घरात बसवायला गेले होते. आपल्याकडे सगळे आटे अर्ध्या इंची. इथं भिंतीजवळचा कॉक ३/८ इंची आणि फ्लशच्या टाकीखालचे आटे ७/८. काहीच जुळेना. शेवटी इथल्याच दुकानातून या मापाची टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आणि जेट आणला. कॉक बंद केला, फ्लश करून टाकी रिकामी केली, टाकीखाली टी घातली. बसला छान. पण जेटचं पाणी टीच्या कॉकला बंद करायचं सोडून मी नुसता हातातला खटका सोडून द्यायचे, आपण घरी करतो तसं. महिनाभरात एका रात्री नळी फुटली.

कारण दाब, बाबा. आपली गच्चीवरची टाकी कमोडपासून चार मीटर वर धरली तरी चौरस सेंटीमीटरला अर्धा किलोसुद्धा दाब होत नाही. ठिबकच्या नळीत तुम्ही एक किलो ठेवता. इथं घरातल्या पाइपात चार किलोच्या आसपास असतो. कॉक उघडा राहिला की तो सगळा दाब दिवसरात्र त्या बारीक नळीवर. शिवाय फरशीखाली स्लॅब नाही, लाकूड आहे. पाणी जायला वाट नाही, ते झिरपत खालच्या बिऱ्हाडाच्या छतात उतरलं. सकाळी खालच्या बाई दारात उभ्या होत्या, आणि छताच्या दुरुस्तीचे पैसे मी भरले. तेव्हापासून वापर झाला की टीचा कॉक बंद, हा नियम कधी मोडलेला नाही. तुमच्यासाठी भिंतीवर मराठीत चिठ्ठी लावली आहे: "आधी कॉक बंद, मग खटका एकदा दाबून नळीतला दाब सोडणे."

या घरात कमोडला लागूनच बेसिन आहे, त्याचा फायदा झाला. बेसिनखाली गरम आणि गार असे दोन कॉक असतात. दोन्हींवर एकेक टी घातली, दोन्हींचं पाणी मिक्सिंग व्हॉल्व्हमध्ये आणलं आणि तिथून एक नळी जेटला दिली. गरम पाण्याची टाकी तळघरात ६० अंशांवर असते, तेच पाणी थेट आलं तर कातडी भाजेल. व्हॉल्व्ह ३८ अंशांवर लावून ठेवला आहे, अंगाच्या उबेइतका. त्याला हात लावू नका. दोन्ही बाजूंना एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारे व्हॉल्व्ह, टाकले आहेत. जेट बंद असताना गरम पाणी गार पाइपात घुसू नये, आणि कमोडमधलं घाण पाणी कधीही उलट ओढलं जाऊ नये, म्हणून. विहिरीच्या मोटारीला एनआरव्ही नसला तर काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू!

टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळली, तुम्ही शेडमध्ये शिकवली तशी. जिथं रबरी वायसर आहे तिथं टेप नाही. हातानं आवळून पान्यानं फक्त पाव फेरा दिला. एक प्लास्टिकची टी जास्त आवळून चिरली, म्हणून आता पितळी आहे. प्रत्येक जोडाखाली रात्रभर कोरडा टिश्यू पेपर ठेवला. सकाळी एका जोडाखाली मोहरीएवढा ओला डाग होता. वायसर बदलला. दुसऱ्या रात्री सगळे कागद खडखडीत कोरडे. कडाक्याच्या रात्री बेसिनखालच्या कपाटाचं दार उघडं ठेवते, घरातली ऊब पाइपाला लागावी म्हणून. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि तांब्याचा पाइपसुद्धा फाडतं.

आता आई, तुझ्यासाठी. लाजू नकोस, ही माझ्याही रोजचीच गोष्ट आहे. आत गेलीस की आधी बेसिनचा गरम नळ सोड. तळघरातून पाणी वर यायला मिनिटभर लागतं. हाताला कोमट लागलं की नळ बंद कर आणि जेटचा कॉक उघड. बसल्यावर जेट उजव्या हातात धर, तोंड कमोडच्या आत खाली ठेव, आणि खटका अगदी हलका दाब. पूर्ण दाबलास तर जोराची धार लागेल. घरच्यासारखी घाई करू नकोस, पुढून मागे धुवायचं. डावा हात मोकळा राहतो. बाजूला सुती फडक्यांची चळत ठेवली आहे, धुवून झालं की टिपून घे, या थंडीत ओलं राहू नये. फडकी टोपलीत टाक, मी धुते. फरशीवर सांडलंच तर राहू दे. तिथं जाड पायपुसणं आहे. गुडघे टेकून पुसायचं नाही. बाबांसाठी भिंतीला स्टीलचा दांडा बसवला आहे, तो धरून उठायचं.

आणि तिथलं एक काम. बाबा, घरच्या कमोडच्या जेटला गच्चीवरच्या टाकीचं पाणी आहे, ते डिसेंबरच्या पहाटे पार गारठतं. विहिरीची लाइन त्याच भिंतीमागून जाते. प्लंबरला सांगून सकाळपुरतं तिचं पाणी जेटला जोडून घ्या, वेगळा कॉक ठेवून. आईची सकाळ तिथंही सुखाची जावी.

तिकिटं जानेवारीची काढू का, एवढं कळवा. येताना कळण्याचं पीठ आणि बिबडे आण आई, आणि संध्याकाळी पोटभर जेवायची तयारी ठेव. बाबा, अर्ध्या इंची रबरी वायसर डझनभर आणा. जळगावच्या जेटला ते लागतील, तो मी पाहुण्यांच्या बाथरूमला लावणार आहे. त्याला जुळणारा जोड इथं एका दुकानात मिळाला, पण तुमच्या देखत बसवायचा म्हणून तसाच ठेवला आहे.

तुमची,
धाकटी