आधी दाढी भिजू दे

सातारा

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तू सारखी मान खाली घालत होतास. तुझ्या आईला वाटलं, पेपर अवघड गेला. मला मात्र कॉलरच्या वरचा लाल पट्टा दिसला आणि म्हटलं, पोरानं उलटी दाढी मारलीय. फोनवर सांगायला गेलो की तू "हो पप्पा, हो पप्पा" करून ठेवून देतोस, म्हणून कागदावर लिहितोय.

ही चूक मी तुझ्या आधी केलीय, आणि तीही ऐन हळदीच्या दिवशी. सकाळी घाईत गार पाण्याचे दोन हबके मारले, साबण फासला आणि गाल गुळगुळीत दिसावेत म्हणून मानेपासून हनुवटीकडं तीनतीनदा खरडलं. तासाभरात वहिन्यांनी दोन्ही हातांनी हळद थापली. अशी भगभग झाली की डोळ्यांतून पाणी आलं. अल्बममध्ये तो फोटो आहे. नवरदेव भावुक झालाय, असं तुझी आत्या अजून सगळ्यांना सांगते. सांगू दे.

तू ब्लेडला दोष देतोस आणि दर महिन्याला आणखी महागाचं रेझर आणतोस. आबा म्हणायचे, दाढी पाणी करतं, पातं नुसतं वर फिरतं. दाढीचा कोरडा केस तारेसारखा कडक असतो. पाणी मुरलं की तो फुगतो, मऊ पडतो आणि कापायला जोर लागत नाही. पण त्याला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. म्हणून दाढी अंघोळीच्या आधी नाही, नंतर करायची. तेवढा वेळ नसेल तर कोमट पाण्यात पंचा पिळून तोंडावर धरून बस. कोमट म्हणतोय, कढत नाही. कढत पाण्यानं कातडीचं तेलच निघून जातं आणि मग दिवसभर गाल ओढल्यासारखे होतात.

आता तुझ्या सांगलीच्या हॉस्टेलचं पाणी. इथं आपल्याकडं कासच्या तलावाचं पाणी येतं, पावसाचं साठलेलं. साबण लावला की लगेच फेस. तुमच्याकडं बोअरचं. पाणी तापवायच्या तुझ्या रॉडवर पांढरा खरबरीत थर बसलाय ना, जो तू चमच्यानं खरवडत होतास? तो क्षार. तेच पाणी साबणाला फेस धरू देत नाही, उलट चिकट साका होऊन तो कातडीवर बसतो. मग पातं घसरत नाही, अडकतं, तू दाबतोस आणि सोलवटतं. उपाय फुकटचा आहे. मेसच्या आरओ फिल्टरमधून (साध्या फिल्टरनं क्षार जात नाहीत) एक तांब्या पाणी आण, फेस त्याच पाण्यानं कर आणि शेवटी तोंडही त्याच पाण्यानं धू. अंघोळ खुशाल बोअरच्या पाण्यानं कर.

फेस ब्रशनं गोल गोल फिरवत चढव, म्हणजे केस उभे राहतात आणि बुडापर्यंत भिजतात. मग मिनिटभर तसाच राहू दे. तेवढ्यात आरशासमोर गाणं म्हण, पार्टनरच्या शिव्या खा, काहीही कर, पण थांब.

केस कुठल्या दिशेनं वाढतात ते कोरड्या दाढीवर बोटं फिरवून आधी बघ. जिकडं बोट गुळगुळीत जातं ती सुलट, जिकडं टोचतं ती उलट. गालावर बहुतेकांचे केस खाली जातात, मानेवर मात्र काहीच नेम नसतो. तुझ्या मानेवर डाव्या बाजूला आबांसारखा भोवरा आहे, तिथं वरून खाली मारलंस तरी ती उलटीच होते. तिथं कानाकडून गळ्याकडं आडवं जा. पहिला हात सुलट. अगदीच राहिलं तर पुन्हा फेस लावून आडवा हात. उलटा हात नकोच. केस कातडीच्या आत तुटतो, वाढताना आतच वळतो आणि त्याचीच ती पुटकुळी होते. तीन-चार पात्यांच्या रेझरनं हे जास्त होतं, कारण पहिलं पातं केस ओढून धरतं आणि मागचं कातडीच्या खाली कापतं. एका पात्याचं साधं मशीन पुरे आहे. वजन मशीनचं, हात नुसता दिशेला.

पातं चार-पाच दाढ्यांनंतर टाकून दे. ओढायला लागलं तर त्याआधीही. आणि पार्टनरचं रेझर कधी वापरू नकोस, तुझंही देऊ नकोस. न दिसणाऱ्या रक्तातून कावीळ ब लागू शकते, इथं दोस्ती आणायची नाही.

नंतर गार पाणी, आणि पंचानं टिपायचं, घासायचं नाही. तू लावतोस तो झोंबणारा आफ्टरशेव्ह स्पिरिटचा असतो, कातडी आणखी कोरडी करतो. झोंबलं म्हणजे काम झालं, ही आपली समजूत. तुरटी कापलं असेल तिथंच, ओली करून फिरव आणि अर्ध्या मिनिटानं धुऊन टाक. आबा तशीच ठेवायचे, आणि थंडीत त्यांचे गाल कसे फुटायचे ते तुला आठवत असेल. तोंड ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लाव. खोबरेल मलाही आवडतं, पण तुझ्या कपाळावरचे पिंपल्स बघता नको. हळदही नको. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्याचा सोललेल्या मानेशी संबंध नाही. मला विचार.

आत्ता जे लाल आहे ते बरं होईपर्यंत चार दिवस दाढीला हात लावू नकोस. कोणी हसलं तर हसू दे. पुटकुळ्यांत पू झाला तर मात्र सरळ कातडीच्या डॉक्टरकडं जा, मेडिकलवाल्याच्या सल्ल्यानं ट्यूब आणू नकोस.

शनिवारी काका एसटीनं सांगलीला येतोय. त्याच्याबरोबर माझं जुनं मशीन, पात्यांची दोन पाकिटं आणि नवा ब्रश पाठवतोय. ब्रश वापरून झाला की झटकून केस खाली करून टांग, बादलीत टाकून ठेवू नकोस. आईनं शेंगदाण्याची चटणी दिलीय. मागचे दोन डबे तुझ्याकडंच आहेत, ते काकाकडं परत दे.

तुझे,
पप्पा