कतारच्या क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र : स्टेडियम 974 खोलणार होतात ना?

माननीय क्रीडामंत्री महोदय, कतार,
स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, राग मानू नका. वाचून दाखवायला दोहात कुणी ना कुणी भेटेलच. तुमची स्टेडियम ज्या हातांनी उभी राहिली त्यात भारतातले पण भरपूर होते (त्यांच्या पगाराचा आणि उन्हातल्या हालांचा विषय वेगळा आहे, तो असा एका ओळीत उरकण्यासारखा नाही).

मुद्दा स्टेडियम 974 चा. 2022 च्या वर्ल्ड कपआधी जगभर सांगितलं गेलं की हे स्टेडियम काम झालं की खोलणार, 974 शिपिंग कंटेनर आणि स्टीलचा सांगाडा, सगळं सुटं करायचं, जहाजावर चढवायचं आणि ज्याला पाहिजे त्याच्या देशात परत जोडायचं. आकडा 974 का, तर तुमच्या देशाचा फोन कोड तोच. ही जरा शोबाजी झाली पण चालतंय, कारण आयडिया मला खरंच पटली होती. ब्राझीलने 2014 ला अमेझॉनमधल्या मनौसला जवळपास एवढंच स्टेडियम बांधलं, वर्ल्ड कपच्या 4 मॅच झाल्या आणि नंतर बघतात तर ते भरेल असा टॉप डिव्हिजनचा क्लबच गावात नाही! म्हटलं चला, हा पांढरा हत्ती पोसायची वेळ निदान कतारवर येणार नाही.

974 मध्ये 7 मॅच झाल्या, सगळ्या अंधार पडल्यावर, कारण बाकीच्या स्टेडियमसारखं कूलिंग इथे नव्हतं, समुद्राच्या वाऱ्यावरच भागवलं. पोलंडच्या गोलीने मेस्सीची पेनल्टी अडवली ती इथेच. 5 डिसेंबरला ब्राझीलने कोरियाला 4-1 हरवलं आणि वर्ल्ड कपपुरतं 974 चं काम संपलं.

आणि मग डिसेंबर 2024 मध्ये टीव्ही लावतो तर मेक्सिकोचा क्लब पाचुका ब्राझीलच्या बोटाफोगोला 3-0 ने धुतंय आणि स्टेडियम कुठलं, तर तेच!

साहेब, वापरताय याचं वाईट नाही वाटत, उलट रिकामं ठेवण्यापेक्षा बरंच आहे. पण खोलता येणाऱ्या स्टेडियमचा पर्यावरणाला फायदा किती हे ते कितीदा हलवलं आणि किती लांब नेलं यावर ठरतं ना, मग जागचं हललंच नाही तर तो फायदा कुठून मोजायचा? कौतुक मात्र आधीच घेऊन झालं.

खुर्च्यांचं पण तसंच. सगळ्या स्टेडियममधल्या मिळून 1,70,000 खुर्च्या काढून गरीब देशांना देणार होतात. फेब्रुवारी 2024 ला लुसेल स्टेडियममध्ये तुम्ही जॉर्डनला हरवून एशियन कप जिंकलात (अभिनंदन, तीन पेनल्टी का असेनात) तेव्हा आत 86 हजारांच्या वर माणसं होती, म्हणजे तिथल्या खुर्च्या तरी तोवर होत्या तिथेच होत्या.

तर 974 कधी खोलणार आणि कुठे जाणार ते तारखेसकट सांगा. नसेल खोलायचं तर तेही सरळ जाहीर करा, प्लॅन बदलतात, कोणी फाशी देत नाही, फक्त मग त्याला तात्पुरतं म्हणू नका. आणि खुर्च्या कुठल्या देशाला किती गेल्या, किती जायच्यात, त्याची यादी टाका. पुढच्या यजमान देशांना तुमचंच उदाहरण दाखवलं जाणार आहे, तेव्हा हिशोब पूर्ण असलेला बरा.

कळावे,
तुमच्या रात्री दहाच्या मॅच इकडे साडेबाराला जागून बघितलेला एक फुटबॉलवेडा