नाउरूचा ‘अंगाम’ हा गमतीचा विषय नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘जगातल्या गमतीदार सुट्ट्या’ अशी एक चौकट आहे. तिच्यात प्रशांत महासागरातील नाउरू या देशाविषयी ‘येथे एक बाळ जन्मले म्हणून दरवर्षी सरकारी सुट्टी असते’ एवढे एकच वाक्य आणि शेजारी पाळण्यातल्या बाळाचे चित्र छापले आहे. वाक्य तसे खोटे नाही, परंतु त्यामागची हकिगत गाळल्याने एका समाजाच्या जिवावरच्या प्रसंगाचा विनोद झाला आहे. अनेक वर्षे भूगोल शिकवलेल्या माणसाला ते वाचून गप्प बसवले नाही, म्हणून हे पत्र.

नाउरूचे क्षेत्रफळ जेमतेम २१ चौरस किलोमीटर. आपल्या नाशिक महापालिकेच्या हद्दीत असे दहा-बारा देश सहज मावतील. पहिल्या महायुद्धानंतर हे बेट ऑस्ट्रेलियाच्या कारभाराखाली आले आणि १९२० साली फ्ल्यूच्या साथीने तेथील मूळ रहिवाशांची संख्या इतकी घटली की, हा समाज उरतो की नाही, असाच प्रश्न पडला. टिकून राहायचे तर निदान १,५०० माणसे हवीत, असा हिशेब तेव्हाचे प्रशासक ग्रिफिथ्स यांनी मांडला आणि तो आकडा गाठला जाईल तो दिवस सणाचा मानावा, असे ठरले. पुढे दहा-बारा वर्षे घरोघरच्या जन्म-मृत्यूंकडे सगळ्या बेटाचे डोळे लागून राहिले. २६ ऑक्टोबर १९३२ रोजी जन्मलेल्या मुलीने ती संख्या पूर्ण केली, आणि तोच हा अंगाम दिवस. ‘अंगाम’ या शब्दात स्वगृही परतण्याचा आणि संकटातून तरून आल्याच्या आनंदाचा असे दोन्ही अर्थ आहेत.

हकिगत येथेच संपली असती तर कदाचित चौकटीतले ते चित्र खपूनही गेले असते. परंतु दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने बेट ताब्यात घेतले आणि १९४३ मध्ये सुमारे १,२०० नाउरूवासीयांना हजाराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या ट्रुक बेटांवर मजुरीसाठी नेले. उपासमार, रोगराई आणि बॉम्बहल्ले यांतून वाचून ३१ जानेवारी १९४६ रोजी मायदेशी परतले ते केवळ ७३७. लोकसंख्या पुन्हा १,५००च्या खाली गेली होती, ती १९४९ साली पुन्हा तेथवर पोहोचली. म्हणजे एकाच पिढीने हा आकडा दोनदा मोजला. देश स्वतंत्र झाला तोही ३१ जानेवारीलाच, १९६८ साली. परतीची तारीख मुद्दाम निवडलेली होती. पहिले राष्ट्राध्यक्ष हॅमर डीरॉबर्ट स्वतः ट्रुकला नेलेल्यांपैकी एक होते, हे लक्षात घेतले की ही निवड वेगळी समजावून सांगावी लागत नाही. त्यांच्या ध्वजावरील ताऱ्याला मूळ बारा कुळांची बारा टोके आहेत. त्यांतील दोन कुळे आज उरलेली नाहीत, तरी टोके बाराच ठेवली आहेत.

परक्यांच्या चालीरीतींची अशी गंमत होते तेव्हा काय वाटते, हे आपल्या गावाला तरी सांगायला नको. अनेक ठिकाणी धुळवडीलाच रंग खेळून होतो. नाशिककर मात्र रंगपंचमीपर्यंत थांबतात आणि पेशवेकालीन रहाडी, म्हणजे जमिनीतले रंगाचे हौद, उघडून त्यांत धप्पा (उडी) मारतात. बाहेरगावच्या पाहुण्यांना हा खड्ड्यात उड्या मारण्याचा पोरखेळ वाटतो (माझ्या एका व्याह्यांना अजूनही वाटतो). वर्षभर झाकलेली रहाड पूजा करून उघडणे, प्रत्येक रहाडीचा स्वतःचा रंग, तो उकळून तयार करण्याचा पेठेतल्या ठरावीक घरांचा मान, हे सारे दोन ओळींच्या चौकटीत मावणारे नाही आणि म्हणूनच ते गाळून उरते ती केवळ गंमत.

तेव्हा विनंती अशी की, येत्या २६ ऑक्टोबरच्या सुमारास हा मजकूर दुरुस्त करून पुन्हा छापावा, आणि डिसेंबरअखेरीस आपण ‘जोडून येणाऱ्या सुट्ट्यां’चा जो तक्ता देता, त्यात प्रत्येक सुट्टीपुढे ती कशासाठी आहे याची एक ओळ घालावी. त्या तक्त्यावरून त्र्यंबकेश्वर आणि सप्तशृंगीच्या रस्त्यावरची गर्दी तेवढी आधी कळते, बाकी काही नाही. जागा कमी पडत असल्यास बाळाचे चित्र वगळले तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पंचवटी, नाशिक