वसंताचे अकरा महिने

लातूर,
१८ नोव्हेंबर

प्रिय अरुण,
सप्रेम नमस्कार.

तुझी तीन पत्रे आली आणि मी एकालाही उत्तर दिले नाही. प्रकृती ठीक आहे, साखर आटोक्यात आहे, मंगलचे गुडघे आहेत तसेच आहेत. न लिहिण्याचे कारण वसंता. फोनवर मी तुला ‘ऑपरेशन झाले’ एवढेच सांगितले. उरलेले सांगण्याचे धाडस होत नव्हते.

गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी त्याने मला परसात नेले आणि शौचातून रक्त जाते म्हणून सांगितले. तीस वर्षे विज्ञान शिकवलेला मी त्याला म्हणालो, “मूळव्याध असेल. तिखट सोड, रात्री इसबगोल घे.” अरुण, हे वाक्य मला झोपू देत नाही. मी म्हटले म्हणून तो निर्धास्त झाला. पुढे गावातल्या डॉक्टरांनी मलम दिले आणि बसस्थानकामागच्या भिंतीवर ‘मूळव्याध, भगंदर, बिनाऑपरेशन खात्रीशीर इलाज’ असे रंगवलेल्या एका दवाखान्याने चार महिने पुड्या दिल्या; पण हातमोजा चढवून बोटाने तपासण्याची दोन मिनिटांची तसदी कोणी घेतली नाही. फेब्रुवारीत लातूरला दाखवले तेव्हा दुर्बिणीने आतडे तपासायला सांगितले गेले. खर्च सात हजार, आणि हरभरा रानात उभा होता. “काढणी झाली की बघू,” तो म्हणाला. मग पुतणीचे लग्न आले, मग पेरणी आली. तपासणी झाली ती ऑगस्टमध्ये. कर्करोगाची गाठ गुदाशयात होती आणि डाग यकृतापर्यंत गेले होते.

शरदलाही त्याच गणपतीत रक्त दिसले होते, हे तुला ठाऊक आहे. त्याच्या डॉक्टर जावयाने त्याला दहा दिवसांत दुर्बिणीच्या टेबलावर झोपवले. गाठ आतड्याच्या भिंतीतच होती, ती काढली आणि आता तो रोज पर्वती चढतो. शरद बरा झाला याचा मला मनापासून आनंद आहे. पण एकाच बाकावर बसलेल्या दोघांना एकाच महिन्यात तेच लक्षण दिसावे आणि एकाला दहा दिवस, दुसऱ्याला अकरा महिने लागावेत, हे माझ्या गळी उतरत नाही. तुमच्या इंग्लंडातले आकडे सांगतात की हा रोग पहिल्या टप्प्यात सापडला तर दहांतले नऊ जण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात आणि तो शरीरात पसरल्यावर दहांतला जेमतेम एक. वसंता आणि शरद यांच्यातले अंतर मला या दोन आकड्यांत दिसते.

तू म्हणशील, अज्ञान; मी म्हणेन, परिस्थिती. वसतिगृहाच्या गच्चीवर आपण यावरूनच भांडलो होतो आणि नंतर आठवडाभर बोललो नव्हतो. आजही मी ऐकणार नाही. तुमच्याकडे शौचातले रक्त शोधणाऱ्या चाचणीचे पाकीट फुकट घरी येते. तरीही सुरुवातीच्या २६ लाख निमंत्रणांचा हिशेब मांडला तेव्हा सर्वांत सुस्थितीतल्या वस्त्यांमधून ६१ टक्के लोकांनी प्रतिसाद दिला होता आणि सर्वांत गरीब वस्त्यांमधून ३५ टक्के. यावर तुझे म्हणणे खरे ठरले असे तुला वाटेल. पण तेव्हा वेगवेगळ्या दिवशी तीनदा नमुने घेऊन ते कार्डावर लावावे लागत; २०१९ पासून एकच नमुना पुरू लागला आणि परत येणारी पाकिटे वाढली. लोक तेच होते, फक्त काम सोपे झाले. आपल्याकडे २०१६ साली सरकारी तपासणीची जी योजना आखली गेली, तिच्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग आहेत. हे तिन्ही आपल्याकडे जास्त आढळतात, म्हणून ते बरोबरच आहे. पण मग आतड्याच्या रोग्याला रक्त पाहून स्वतःच ओळखावे लागते, आणि त्याच्याजवळ जावई नसतो, माझ्यासारखा गुरुजी असतो.

पैशाचेही तसेच. सरकारच्या फुले आरोग्य योजनेची खर्चाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आणि त्या योजनेनेच वसंताला तारले. पण ती त्याच्या मदतीला आली ती रोगाचे नाव कागदावर आल्यावर. नाव सापडेपर्यंतचे सगळे त्याच्याच खिशातून गेले. त्याने वहीत हिशेब ठेवला आहे, अगदी दुकानात ठेवायचा तसाच. ‘सोनोग्राफी’, ‘पुड्या’, ‘लातूर जाणे-येणे दोघे’, ‘चहा’, आणि एका ओळीवर नुसते ‘बुडालेला रोज’. रेल्वेने कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपरचे भाडे माफ केले आहे. लातूर–मुंबई गाडीने आम्ही रात्री निघतो, सकाळी दादरला उतरतो, गाडगे महाराज धर्मशाळेत पिशव्या ठेवतो आणि परळला टाटाच्या रांगेत लागतो. तिथे आमच्या आजूबाजूला बिहार-बंगालहून दोन-दोन दिवस प्रवास करून आलेले लोक असतात. वसंता त्यांना पाहून म्हणाला, “आपण तर शेजारचेच.”

शौचाचा मार्ग मोकळा करण्यासाठी त्याच्या पोटावर पिशवी बसवली आहे. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाला, “गुरुजी, सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, माझी तेवढी सोडली.” वॉर्डातले सगळे हसले. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो. त्याने मला एका शब्दाने दोष दिलेला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

सुनीतावहिनींना नमस्कार. नातीचे नाव फार गोड ठेवले आहे. लेस्टरच्या नव्या घराचे छायाचित्र मिळाले. दारापुढची तुळस थंडीत जगली का, ते कळव.

मात्र तुझ्या मागच्या पत्रातली एक ओळ मी पाच वेळा वाचली. ‘ते शौचतपासणीचे पाकीट आले आहे, तीन आठवडे फडताळावर पडून आहे, बघू.’ अरुण, हे ‘बघू’ मी हरभऱ्याच्या रानात ऐकले आहे. पत्र वाचून होताच ते पाकीट उघड, नमुना घे आणि टपालात टाक. टाकल्याचा निरोप मला कर.

मंगळवारी वसंताला केमोसाठी घेऊन जातो आहे. रविवारी त्याला फोन कर, पण शरदचा विषय काढू नकोस.

तुझा,
दिगंबर